आठ बटणं आणि आमच्या आई

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा सासूबाईंना लिफ्टची सवय महिन्याभरात झाली. हॉलमधल्या आठ बटणांची दीड वर्षात झाली नाही. चाळीत लाकडी बोर्डावर चार काळी बटणं होती, त्यातलं एक कायमचं बंद, त्यामुळे उरलेली तीन झोपेतही सापडायची. इथे आठही पांढरी, गुळगुळीत, एका रांगेत. गेल्या गणपतीत त्यांनी रात्री पंखा समजून फ्रीज बंद केला. सकाळी दीड किलो चक्का आंबलेला, आणि आई देव्हाऱ्यासमोर तोंड पाडून बसलेल्या. चूक बोर्डाची होती. तो आम्ही कसा सुधारला ते सांगते.

आधी दोन दिवस काही करू नका, नुसतं बघा. मी कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा केल्या, चुकीचं बटण दाबलं की एक रेघ. दोन दिवसांत 19 रेघा झाल्या. त्यातल्या सात माझ्या स्वतःच्या.

मग एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने आतून ‘ट्यूब!’, ‘किचनचा पंखा!’ असं ओरडायचं आणि तिसऱ्याने लिहून घ्यायचं. आमच्याकडे फ्रीज आणि हॉलचा पंखा चिकटून निघाले.

इथे प्रत्येक घरात नावाच्या पट्ट्या चिकटवण्याची हुक्की येते. आमच्या ह्यांनी सुबक अक्षरात चिकटवल्याही. पण त्या वाचायला चष्मा हवा आणि उजेड हवा, आणि उजेडासाठीच तर बटण शोधतोय! दोन बर्नरच्या शेगडीवर कोणी नावं लिहितं का? डावा कॉक डाव्या बर्नरचा, हे जागाच सांगते. बोर्डालाही तेच करायला लावा: खोलीतला क्रम तोच बटणांचा क्रम.

क्रम ठरवताना बोर्डासमोर प्रत्यक्ष उभे राहा. तोंड बोर्डाकडे, आणि मग जे डाव्या हाताला ते डावीकडच्या बटणावर. वस्तू पाठीमागे असली तरी डावा हात डावाच. आमचे हे मात्र खुर्चीत बसून कागदावर क्रम ठरवायला गेले आणि फसले. त्यांच्या नकाशात बोर्ड खालच्या भिंतीवर होता. त्याच्याकडे तोंड केलं की कागदावरचं उजवं आपलं डावं होतं. गॅलरीच्या दिव्याचं बटण किचनच्या टोकाला गेलं असतं. आम्ही शेवटी गॅलरी, हॉलचा पंखा, ट्यूब, पॅसेज, किचन असं डावीकडून उजवीकडे लावलं.

पुढचं काम वायरमनचं. 230 व्होल्टशी घरच्या घरी खेळू नका. आमच्या वायरमनने आधी ‘भिंत फोडावी लागेल’ म्हणून पाहिलं. त्याच बोर्डात क्रम बदलायचा असेल तर सहसा लागत नाही. फेजची, म्हणजे वीज आणणारी, वायर एका बटणातून दुसऱ्यात लूप केलेली असते, ती तशीच राहते. बटणातून दिव्याकडे किंवा पंख्याकडे जाणारी वायर तेवढी इकडची तिकडे करायची. मेन बंद करून, टेस्टर लावून बघूनच. पंख्याचा रेग्युलेटर पंख्याच्या बटणालगत हवा. गिझर-एसीचं 16 अँपिअरचं बटण जाड वायरचं, त्याला या अदलाबदलीत घेऊ नका. आणि सगळी बटणं खाली दाबली की चालू होतात ना, हे तो जायच्या आधी तपासा. एखादं उलटं बसलेलं असतं. जिन्यातल्या टू-वेला, म्हणजे एकाच दिव्याच्या वरच्या-खालच्या दोन बटणांना, हा नियम नाही, तिथे वर-खालीला अर्थच नसतो.

फ्रीजचं बटण मात्र रांगेतून काढून फ्रीजमागे सॉकेटशेजारी बसवून घेतलं. माझी मुलगी डिझाइन शिकते, ती म्हणाली, “आजीने जे केलं तेच दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानाचे पायलट करत होते.” विमान उतरल्यावर पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या झडपा, मिटायच्या, तर हे चाकंच मिटत, कारण दोन्हींची हँडलं सारखी आणि शेजारी-शेजारी. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चाकाच्या हँडलला चाकाचा आकार दिला, फ्लॅपच्या हँडलला पाचरीचा, म्हणजे न बघताही हाताला कळावं. आईंना हे ऐकून फारच बरं वाटलं. “म्हणजे पायलटसुद्धा!”

त्यावरूनच त्यांनी पंख्याच्या बटणावर स्वतःची टिकली लावली. मुंबईच्या दमट हवेत ती चार दिवसांत गळाली. त्याऐवजी नेलपॉलिशचा थेंब द्या, वाळला की त्यावर दुसरा, म्हणजे बोटाला उंचवटा लागतो. पण थेंब एकाच बटणावर, रात्री लागणाऱ्या. सगळ्यांवर दिलात तर पुन्हा सगळी सारखीच.

हे सणाच्या तोंडावर करू नका. नवीन क्रम लागल्यावर पहिले चार दिवस आम्ही सगळेच जास्त चुकलो, मीही चिडले. आठवड्याने पुन्हा दोन दिवस रेघा मारल्या: तीन.

दाराबाहेर बेल आणि पॅसेजचा दिवा शेजारी आहेत, तिथे मात्र पट्टी हवीच. येणारा माणूस आयुष्यात एकदाच ते बटण दाबतो, तो कुठे सवय लावून घेणार? बेलवर घंटेचं चित्र, दिव्याच्या बटणावर जाड अक्षरात ‘दिवा’. त्याआधी कुरियरवाला दिवा लावून पाच मिनिटं उभा राहायचा आणि ‘घरात कोणी नाही’ असा मेसेज टाकून निघून जायचा.