पिकअप ‘घूं’ करतेय? हौसिंग उघडण्याआधी हे करा

मागून घूंऽऽ असा लांबट आवाज यायला लागला की बहुतेक ड्रायव्हर थेट निकाल देतात, “क्राऊन-पिनियन गेलं.” म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या पेटीतली, हौसिंगमधली, दातेरी चक्रांची जोडी. भांडुपला एलबीएस रोडलगत माझं गॅरेज आहे. भाजी, मासळी, पाण्याचे बाटले वाहणाऱ्या पिकअप माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं : आवाज कुठून येतो ते नक्की कळेपर्यंत पाना हातात घ्यायचा नाही. हौसिंगचं काम महाग आहे, वर गाडी उभी राहते तेवढे दिवस धंदा बंद.

सुरुवात उभ्या गाडीवर. न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. आवाज रेसबरोबर चढला तर तो पुढचा आहे : अल्टरनेटरचं बेअरिंग, पट्ट्याची पुली, पॉवर स्टिअरिंगचा पंप. क्लच दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा. दाबल्यावरच सुरू होत असेल तर क्लच बेअरिंग. उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नसेल तर रस्त्यावर चला.

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पहाटे विक्रोळी ते मुलुंड हा पट्टा त्यातल्या त्यात मोकळा मिळतो. शेजारी एक माणूस बसवा, ऐकायचं काम त्याचं. एकच वेग धरून गिअर बदला. वेग तोच, गिअर बदलला तरी आवाज तसाच, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे काहीतरी आहे. ठरावीक गिअरमध्येच येत असेल तर गिअरबॉक्स. आपल्या पाच गिअरच्या, मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत चौथा गिअर बहुतेक वेळा डायरेक्ट असतो; त्यात गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टवर ओझं येत नाही. आवाज चौथ्यात गायब आणि बाकीच्यांत हजर असेल तर हौसिंगला हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. त्याच वेगात आधी अ‍ॅक्सिलेटर दाबून ऐका, मग सोडून ऐका. ओढताना घूं येतो आणि सोडल्यावर बंद होतो, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची ओढणारी बाजू झिजलीय किंवा सेटिंग हललंय. सोडल्यावरच येतो, तर पिनियनचं बेअरिंग किंवा ढिला झालेला पिनियन नट यांच्यावर पहिला संशय. दोन्ही वेळी सारखीच गुरगुर असेल तर ते बेअरिंगचं लक्षण. वळणावर आवाज वाढतो-कमी होतो, तर चाकाचं बेअरिंग : डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा वाढला तर उजवं.

टायर विसरू नका. आता मुंबईत काँक्रीट आणि डांबर असे रस्ते आलटूनपालटून लागतात, ही चाचणी फुकटात होते. काँक्रीटवरून डांबरावर जाताच आवाजाचा पोत बदलला तर तो टायरचा. वाशी मार्केटची भाजी आणणारा एक ड्रायव्हर माझ्याकडे आला, त्याला दुसरीकडे क्राऊन-पिनियन बदलायला सांगितलं होतं. मागच्या टायरवर हात फिरवला, गोटी (रबराचे ठोकळे) उंच-सखल झालेली. मागचे टायर पुढे घातले, आवाजही पुढे गेला. त्याची हौसिंग चांगली होती, न उघडताच घरी गेली.

आवाज मागचाच ठरला तर पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा) लावा, मागचा अ‍ॅक्सल उचलून दोन्ही बाजूंना मजबूत घोडी (टेकू देणारा स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर गाडी चालू करायची नाही, कधीच नाही. एकाने आत बसून हळू गिअरमध्ये चाकं फिरवायची. दुसऱ्याने बाजूला थांबून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हौसिंगला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आधी पिनियनच्या नाकाशी, म्हणजे शाफ्ट हौसिंगमध्ये शिरतो तिथे, मग दोन्ही चाकांच्या हबजवळ. फिरत्या शाफ्टपासून बाही, मफलर, हात लांब. बेअरिंग असं बरोबर सापडतं. दातांचा आवाज मात्र ओझ्याशिवाय दबतो, म्हणून घोडीवर शांत असणारी गाडी निर्दोष समजू नका.

मग ऑइल. आधी भरायचा बोल्ट सोडवा, नंतर खालचा. वरचा जाम असेल तर ऑइल काढून बसायची पाळी येते. बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असतोच. चमकते तुकडे, कण मिळाले तर उघडण्याशिवाय पर्याय नाही. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, आणि मुंबईत हे पावसाळ्यात सर्रास होतं. हिंदमाता, मिलन सबवे अशा पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात बुडतो, आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर (हौसिंगमधली हवा जाण्या-येण्याची वाट) चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. आवाज पुढे काही महिन्यांनी येतो, तोवर बेअरिंगला खड्डे पडलेले असतात. म्हणून अ‍ॅक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गाडी आली की त्याच आठवड्यात ऑइल बघा, ब्रीदर फुंकून मोकळा करा.

हौसिंगमध्ये जीएल-५ दर्जाचं हायपॉइड (क्राऊन-पिनियनसाठीचं) ऑइल, ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेलं, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असू शकतं, तेच इथे ओतू नका. आवाज दाबायला जाड ऑइल भरून देणारे भेटतील; झिजलेला दात त्याने भरून येत नाही.

क्राऊन-पिनियन बदलायचंच झालं तर जोडीनेच. दोन्ही एकत्र घासून तयार केलेली असतात, एकच बदललं तर नवा दातही आवाज करतो. बेअरिंग, सील आणि जिथे नट आवळताना दबणारी बुशी असते तिथे तीही नवीन. नट नुसता ठोकून आवळणाऱ्याकडे काम देऊ नका. डायल गेज लावून दातांमधली फट मोजली का, दातांवर रंग लावून ठसा मधोमध येतो का, हे समोर उभं राहून बघा. कुर्ल्यातून सामान स्वतः आणत असाल तर दोन्ही भागांवर कोरलेले नंबर जुळवून घ्या.

काम झाल्यावर पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण लोड नको, एकाच वेगात लांब पळवणंही नको. मधेमधे थांबून हौसिंगला हात लावून गरमी बघा. हा टप्पा संपला की ऑइल पुन्हा काढा. नव्या दातांची पहिली झीज त्यातच निघते.