चुनाची भरलेली बिस्किटं, ओव्हनमधली

आमच्या मालवणात मोदकासाठी केलेलं चून, म्हणजे ओल्या नारळाचं गूळ घालून केलेलं सारण, उरलं की मी हेच करते. दीड कप मैदा, 100 ग्रॅम थंड बटर, पाव कप पिठीसाखर, चिमूटभर मीठ बोटांनी चोळून घ्या, लागेल तसं 2-3 चमचे दूध घालून गोळा करा, मळत बसू नका हां, नाहीतर बिस्किटं कडक होतात, आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. चून मात्र चांगलं कोरडं परतलेलं आणि पूर्ण गार हवं, ओलं राहिलं तर गूळ बाहेर येऊन ट्रेला चिकटतो. लाटून वाटीने गोल कापा, मधे चमचाभर चून, वर दुसरी चकती, कडा काट्याने दाबा. 180 डिग्रीवर 15-18 मिनिटं. ओल्या नारळाचं आहे, दोन दिवसांत संपवा.