कोर्विनाची तोडणी: वाळवणीचे घड आधी काढा, बाकीचे नंतर

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की इटलीतल्या वेरोनाच्या वरच्या टेकड्यांवर, वल्पोलिचेल्लात, कोर्विना या वाइनच्या काळ्या द्राक्षाची तोडणी तोंडावर येते. तिकडे बागेत कामाला किंवा शिकायला गेलेल्या आपल्या पोरापोरींनी एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा, आमारोनेसाठी, म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांच्या लाल वाइनसाठी, घड निवडायचा तो वजन बघून नाही, मोकळा आहे का ते बघून.

भरगच्च घड दिसायला भारी पण आतल्या मण्यांना हवाच लागत नाही, आणि हा माल पुढे तीन-चार महिने शेडमध्ये नुसत्या हवेवर सुकणार आहे, वजन 30 ते 40% घटेपर्यंत. एक मणी जरी फुटलेला गेला तरी तिथून करडी बुरशी धरते आणि शेजारचे घडही जातात. म्हणून प्रत्येक घड देठाला धरून उचला, उलटा करून बघा, मधे बोटाने हलकंच फाकवा, ओल दिसली किंवा आंबूस वास आला की बाजूला. क्रेटमध्ये एकच थर, वरून दाबायचं अजिबात नाही. पाऊस पडून गेला असेल किंवा सकाळचं दव असेल तर थांबा, माल कोरडा झाल्याशिवाय कात्री लावू नका.

आपल्याकडे तासगावला बेदाण्यासाठी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटमध्ये घड बुडवतात, दोनेक आठवड्यात माल तयार. इथे ते डोक्यातून काढून टाका! कोर्विनाची जाड साल आणि वरचा मेणचट पांढुरका थर जसाच्या तसा हवा, सुकणं सावकाशच व्हायला पाहिजे. बाहेर दमट झालं की शेडच्या खिडक्या बंद आणि पंखे चालू.

सगळा माल वाळवायला नेता येत नाही बरं का, नियमाने जास्तीत जास्त 65%, आणि काही वर्षी ती मर्यादा अजून खाली आणतात, तेव्हा मालकाला आधी विचारा. वाइनच्या मिश्रणात कोर्विना 45 ते 95% आणि रोंदिनेल्ला ही दुसरी द्राक्षाची जात 5 ते 30% लागते, त्यामुळे रोंदिनेल्लाचे क्रेट वेगळेच ठेवा. रोंदिनेल्ला रोगाला चिवट आहे, तिची फार काळजी नको.

पानं काढताना दुपारच्या उन्हाची बाजू झाकलेली राहू द्या, कोर्विनाला सनबर्न पटकन होतो.

आणि हो, हिवाळी छाटणीत काडी आखूड करू नका, बुडाजवळच्या पहिल्या काही डोळ्यांना घडच येत नाहीत, म्हणून तर तिकडे मांडव आणि लांब काडी. चांगल्या जाडीच्या, उन्हात पिकलेल्या काड्यांना तोडणी चालू असतानाच खूण करून ठेवा, पानगळ झाल्यावर छाटायला सोपं जातं.