कॅसेट स्टिरिओला ऑक्स जोडला
गाडीतल्या जुन्या स्टिरिओचा आवाज अजून खणखणीत, म्हणून तो बदलायचा नव्हता. फक्त मोबाइलची गाणी वाजवायला ऑक्स, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायची जोडणी, हवी होती. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून उघडला. आवाजाच्या फिरत्या बटणाकडे जाणारा रेडिओचा डावा-उजवा सिग्नल तोडून मध्ये टू-वे स्विच घातला. दुसऱ्या बाजूला ३.५ मिमी सॉकेट: टोक डावा, मधली कडी उजवा, मागचा भाग ग्राउंड (सिग्नल परतायची सामाईक तार). वायर शील्डेडच (बाहेरून धातूची जाळी असलेली) घ्या.

गाणी सुरेख वाजली. पण मोबाइल गाडीतच चार्जिंगला लावला की सुईं असा आवाज, आणि साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी घाटात ॲक्सिलरेटर दाबला की तोही चढायचा. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज. चार्जर आणि ऑक्स, दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेलं की तो शिरतो. ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. त्यातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून सिग्नल जातो, तारेचा थेट संबंध राहत नाही. आता चार्जिंग चालू असतानाही तबल्याची थाप स्वच्छ ऐकू येते.