हिमेजीचा किल्ला पाहताना या चुका टाळा

जपानचा किल्ला पाहायला जाताना पहिली चूक बहुधा किल्ला निवडतानाच होते. ओसाकाचा तेन्शू, म्हणजे किल्ल्याचा मुख्य मनोरा, १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला असून त्याच्या आत लिफ्ट आणि संग्रहालय आहे. नागोयाचा जुना तेन्शू १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि आज दिसतो तो १९५९ चा आहे. संग्रहालय म्हणून ओसाका उत्तम आहे, पण चारशे वर्षांपूर्वीचे लाकूड हाताला लागावे अशी इच्छा असेल, तर तिथे निराशाच पदरी पडते. जुने तेन्शू जपानभरात फक्त १२ उरले आहेत. त्यांतला एकच पाहणे शक्य असेल, तर माझ्या मते तो हिमेजीचा असावा. इकेदा तेरुमासा या सरदाराने १६०९ मध्ये त्याचे काम पुरे केले, आणि १९९३ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला.

दुसरी चूक वेळेची आहे. क्योतोहून हिरोशिमाला जाताना वाटेत तासभर उतरून हिमेजी ‘उरकता’ येईल, असे अनेकांना वाटते. किल्ला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडा असतो खरा, परंतु दुपारी ४ नंतर आत प्रवेश मिळत नाही. स्थानकाबाहेर पडताच सरळ रस्त्याच्या टोकाला पांढरा मनोरा दिसतो आणि तो अगदी जवळ भासतो, तरी तिथवर चालत जायला १५ ते २० मिनिटे लागतात आणि चढ त्यानंतर सुरू होतो. म्हणून तीन तास हाताशी ठेवावेत, शक्यतो सकाळचे, आणि मोठे सामान स्थानकातल्या लॉकरमध्येच ठेवावे. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी २९ आणि ३० डिसेंबरला किल्ला बंद असतो हे आधीच टिपून ठेवावे. तिकिटाबाबत जुन्या माहितीवर विसंबू नये: पूर्वी ते १००० येन होते, पण मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांसाठी २५०० येन ठरले आहे.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे. लोक तेन्शूलाच किल्ला समजतात, आणि तिथवरची वाट मान खाली घालून भराभर संपवतात. रायगडाच्या महादरवाजापाशी दोन बुरुजांच्या कवेत वळत जाणारी वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तरी हे करू नये. हिमेजीत हिशी दरवाजापासून तेन्शूपर्यंतचे सरळ अंतर सुमारे १३० मीटर आहे, पण प्रत्यक्ष वाट सव्वातीनशे मीटरांची होते, कारण ती शत्रूला फसवण्यासाठीच आखलेली आहे. मनोरा समोर दिसत असतानाच ती उलट दिशेला वळते, मध्येच उतरते, आणि दरवाजे पुढेपुढे इतके ठेंगणे होत जातात की एका वेळी एकाच माणसाला वाकून आत शिरावे लागते. या सगळ्या वेळात भिंतींमधल्या जंग्या, म्हणजे बाण-बंदुका चालवण्यासाठी ठेवलेली भोके, आपल्यावर रोखलेल्या असतात. त्रिकोणी, चौकोनी आणि गोल अशा त्यांच्या आकारांकडे थांबून पाहावे, आणि एकदा तरी आतल्या बाजूने डोळा लावून, आपण नुकतेच चाललो ती वाट तिथून किती स्वच्छ दिसते, हे अनुभवावे. माझ्या दृष्टीने किल्ल्याचा खरा अर्थ इथेच कळतो.

तेन्शूच्या दारात पादत्राणे काढून पिशवीत घालून सोबत न्यावी लागतात. त्यामुळे सहज काढता येणारे बूट आणि हिवाळ्यात जाड मोजे हवेत, कारण लाकडी जमीन बर्फासारखी गार असते. बाहेरून पाच मजली दिसणारी ही इमारत आत तळघर धरून सात मजल्यांची आहे. जिने फार उभे आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांनी वर जाण्याचा हट्ट न धरता खालचा परिसर सावकाश पाहावा.

‘आत तर काहीच नाही’ ही तक्रार वारंवार कानावर येते. ती करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की सरदार या मनोऱ्यात राहत नसे. शस्त्रे आणि रसद साठवण्याची आणि वेळ पडल्यास अखेरची झुंज देण्याची ही जागा होती. सामान नसले तरी भिंतींवरच्या बंदुकांच्या खुंट्या, चढून येणाऱ्यांवर दगड टाकण्यासाठी ठेवलेल्या फटी, आणि तळापासून वरपर्यंत गेलेले दोन प्रचंड खांब पाहण्यासारखे आहेत. त्यांतला पश्चिमेचा खांब विसाव्या शतकातील दुरुस्तीत बदलावा लागला. पूर्वेचा मूळचाच आहे. त्याचप्रमाणे किल्ल्याचा शुभ्र रंग पाहून तो नव्याने ‘रंगवला’ असा समज करून घेऊ नये. २०१५ मध्ये संपलेल्या दुरुस्तीत तो जुन्याच पद्धतीच्या चुन्याच्या गिलाव्याने लिंपला गेला, आणि हा गिलावा लाकडाचे आगीपासून रक्षण करतो.

तेन्शू पाहून थेट फाटकाकडे वळणारे पश्चिमेकडचा निशिनोमारू हा भाग हुकवतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएयासू याची नात सेनहिमे इथे राहत असे. तिथली लांबच लांब लाकडी ओवरी बहुतेक वेळा शांत असते, आणि तिच्या खिडक्यांतून तेन्शू फार सुंदर दिसतो. गर्दीच्या दिवसांत, विशेषतः साकुरा, म्हणजे चेरी, फुलताना, तेन्शूसाठी रांग मोठी असेल, तर आधी इकडेच यावे. शेजारची कोकोएन ही बाग पाहण्याचा विचार असेल, तर दोन्हींचे एकत्रित तिकीट सुरुवातीलाच घ्यावे, कारण ते स्वस्त पडते.