रिपीटर कधी, सिम्प्लेक्स कधी: नव्या हॅमसाठी

परवाना आला, व्हीयू३ने सुरू होणारा कॉल साइन (हवेवरची आपली ओळख) मिळाला, हँडसेट चार्ज झाला की नव्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, पहिला उद्योग ठरलेला असतो: रिपीटर (आपलं बोलणं उंचावरून पुन्हा सोडणारं यंत्र) लावायचा, पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायची आणि "हॅलो हॅलो, चेकिंग". तिकडे दोघांचं बोलणं चालू असतं. एफएमवर दोन सिग्नल एकदम आले की जोरातला दुसऱ्याला गिळतो. दोन्ही तोडीस तोड असतील तर नुसती चिरकी शिट्टी ऐकू येते. दाबणाऱ्याला यातलं काही कळत नाही, कारण पीटीटी दाबलेली असेपर्यंत त्याचा सेट बहिरा असतो. तेव्हा आधी ऐका. अर्धा मिनिट तरी.

सिम्प्लेक्सवर ऐकणं आणि बोलणं एकाच फ्रिक्वेन्सीवर होतं. मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या दोघांचे हँडसेट हिशेबाने दहा किलोमीटरपर्यंत पोचतात, पण शहरात इमारती आडव्या आल्या की दोन-तीन किलोमीटरवरच दम तोडतात. रिपीटर उंचावर असतो. पुण्याच्या जमिनीपासून सिंहगडाचा माथा साधारण साडेसातशे मीटर वर आहे. एवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पलीकडे जातं. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच पुन्हा सोडतो, म्हणून त्याला जोडी लागते. दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, या दोन फ्रिक्वेन्सींत सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. समजा रिपीटर १४५.७०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतोय, तर तुमचा सेट १४५.१०० वर बोलला पाहिजे. सेटमध्ये १४५.७०० टाका, शिफ्ट (बोलायची फ्रिक्वेन्सी वर की खाली) वजा, ऑफसेट (किती अंतरावर) ०.६००. मग टोन, म्हणजे ८८.५ हर्ट्झसारखा बारीक सूर. तो गेला नाही तर असे रिपीटर उघडतच नाहीत. तुमच्या रिपीटरचे खरे आकडे स्थानिक क्लबातून घ्या.

टोनची खरी गोम पुढे आहे. मेनूत पाठवायचा टोन वेगळा आणि ऐकायचा वेगळा असतो. बरेच जण दोन्ही लावून टाकतात आणि "आता आपलं खासगी चॅनेल झालं" म्हणून खूश होतात. खासगी वगैरे काही होत नाही. तुमचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. फक्त दुसऱ्या टोनवर किंवा टोनशिवाय बोलणारे तुम्हाला ऐकू येत नाहीत, आणि तुम्ही बेधडक त्यांच्या डोक्यावर बोलता. ऐकायचा टोन बंद ठेवा. ठेवायचाच असेल तर बोलण्याआधी बाजूचं मॉनिटर बटण दाबून फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का बघा.

पीटीटी दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला, नाहीतर पहिलं अक्षर रिपीटर खातो. समोरच्याचं संपलं की लगेच झडप घालू नका. मध्ये दोन सेकंद सोडा. तेवढ्यात कुणी "ब्रेक" म्हणून आपला कॉल साइन दिला तर त्याला जागा द्या, आणि अडचणीतला माणूस असेल तर बाकी गप्पा तिथेच थांबवा. लांबलचक भाषण ठोकलंत तर रिपीटरचा टायमर तुम्हाला कापतो. कापावंच. सेट तपासायचा असेल तर कॉल साइन देऊन "टेस्टिंग" म्हणा. नुसती पीटीटी दाबून रिपीटरची शेपटी (बटण सोडल्यावरही क्षणभर चालू राहणारा त्याचा सिग्नल) ऐकत बसणं मला अजिबात आवडत नाही.

कोथरूडचा माणूस कर्वेनगरच्या माणसाशी रिपीटरवर तासभर बोलतो तेव्हा जिल्हाभराचे बाकीचे ताटकळतात. समोरचा बोलत असताना रिव्हर्स बटण दाबा. आता तुम्ही रिपीटरची इनपुट फ्रिक्वेन्सी, म्हणजे थेट त्याचाच सेट ऐकताय. आवाज स्वच्छ आला तर रिपीटरची गरज नाही: "१४५.५२५ ला क्यूएसवाय करू या" (फ्रिक्वेन्सी बदलू या) म्हणा आणि निघा. १४५.५०० बऱ्याच ठिकाणी हाक मारण्यापुरती ठेवतात, तिथे ठाण मांडू नका. नव्या जागी पोचल्यावर पुन्हा ऐका, "फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?" असं विचारा, मग बोला. पॉवर आधी लो, भागलं नाही तरच हाय.

ट्रेकला सोबत येणाऱ्या बिनपरवाना मित्रांच्या हातात हा सेट द्यायचा नाही. त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे, मान्यता असलेले वॉकीटॉकी भारतात परवान्याविना चालतात. तिथे रिपीटर नाही, सगळं सिम्प्लेक्स, आणि शेजारच्या ग्रुपचं बोलणं कानावर पडलं तर चॅनेल तुम्ही बदला.