मांडवातला खिळा : घोडीच्या खुराची जखम पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

खुरात खिळा दिसला की हात आपोआप पक्कडीकडे जातो. माझा गेला, तुमचाही जाईल. तो हात दोन मिनिटं थांबावा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

मी आर्वी तालुक्यातला. पशुधनाची दोन वर्षांची पदविका झाली आणि गावोगाव फिरून कामं सुरू केली. वहीत गायी, म्हशी, बकऱ्या आणि पोळ्याच्या तोंडावर बैलांचे खूर, एवढंच. घोडा पुस्तकात होता, हाताखाली कधी आला नव्हता. आमच्याकडे घोडी म्हणजे वरातीची घोडी, आणि तिला काही झालं की लोक आधी नालबंदाला बोलावतात. ते का, हे मला पुढे कळलं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दाट लग्नतिथी. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या गावातल्या घोडीवाल्या काकांचा फोन आला. "भाऊ, मैना पाय टेकवत नाही जी. मांडवापाशी खिया घुसला वाटते." पंधरा मिनिटांत पोचलो. उजव्या पुढच्या खुरात मांडवाचा अडीच इंची खिळा. भोवती वऱ्हाडी, बँडवाले, मोबाईलचे टॉर्च. मी खूर उचलून मांडीवर घेतला, पक्कड लावली आणि एका झटक्यात खिळा काढून नालीत फेकला. वर आयोडीन ओतलं, भोकात हळद-तूप दाबलं, वेदनाशामक इंजेक्शन दिलं. घोडीला वरातीत चालवायचं नाही, असं काकांना निक्षून सांगितलं. त्या रात्री माझ्या हातून बरोबर झालेली गोष्ट एवढीच.

दुसऱ्या दिवशी मैना बऱ्यापैकी चालत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिनं पाय अधांतरी धरला होता. खूर तापलेला. खुराच्या वरच्या पहिल्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवली तर नाडी टणटण लागत होती. निरोगी घोड्याची तिथली नाडी शोधावी लागते. ती सहज हाताला लागली की खुराच्या आत काहीतरी पेटलंय असं समजा.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. खिळा नेमका कुठं होता? किती आत होता? कोणत्या दिशेनं गेला होता? मी नुसता उभा राहिलो. खूर धुऊन पाहिला तर तळावर भोकच दिसेना.

आता या ठिकाणी मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

खुराचा तळ लाकडासारखा कडक दिसतो, पण त्याला लवचीकपणा असतो. खिळा निघाला की भोक मिटतं. टायरमधून बारीक खिळा उपटल्यावर भोक डोळ्यांना दिसत नाही, तसंच. वरून मिटतं, पण आत शेण, माती, गंज आणि जंतू गेलेले असतात. तिथं पू धरतो. मऊ मांसात पू झाला तर सूज येऊन फुगायला जागा असते. खुराच्या पेटीत ती नाही. म्हणून दाब वाढतो आणि पाय मोडल्यासारखी घोडी तीन पायांवर उभी राहते. पू वाट शोधतो. खाली सापडली नाही तर तो वर चढतो आणि केस संपून खूर सुरू होतो त्या कडेला फुटतो. मी हळद-तुपाचा बोळा दाबून खालची वाट स्वतःच्या हातानं बंद केली होती. वरून इंजेक्शननं दुखणं झाकलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची चाल पाहून मी निर्धास्त झालो.

पण माझ्या चुकीचा हा अर्धाच भाग. खरा धोका जागेचा आहे. खुराच्या तळाची जाडी साधारण एक ते दीड सेंटीमीटर, आणि अडीच इंची खिळा सहा सेंटीमीटरच्या वर. तो पूर्ण आत गेला तर कुठवर पोचेल याचा हिशोब तुम्हीच करा. तळावर मागच्या बाजूनं मध्यापर्यंत आलेला मऊ त्रिकोण असतो, नालबंद त्याला पुतळी म्हणतात. पुतळी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचा, हा भाग सगळ्यात वाईट. त्याच्या वर पाय दुमडणारी जाड शीर, म्हणजे कंडरा, हाडाला चिकटते, तिच्या आतल्या बाजूला पाण्याची एक बारीक पिशवी असते आणि खुरातला सांधा असतो. खिळ्याचं टोक यातल्या कशालाही लागलं की जखम किरकोळ राहत नाही. वरून ती अगदी तेवढीच दिसते, रक्ताचा थेंबही नसतो. पण अशी जखम पहिल्या एक-दोन दिवसांत मोठ्या दवाखान्यात गेली नाही, तर घोडी कायमची लंगडी होते किंवा जाते. पुढच्या भागात, पुतळीपासून दूर, पांढऱ्या रेषेच्या (तळ आणि खुराची भिंत जुळते तिथली रेघ) आसपास घुसलेला खिळा मात्र बहुतेक वेळा निभावून जातो.

म्हणून खिळा दिसला की आधी घोडी आहे तिथंच उभी करा. एक पाऊलही चालवू नका. मोबाईलवर दोन फोटो घ्या, एक तळावरून सरळ आणि एक बाजूनं. मग डॉक्टरांना फोन. खिळा पुतळीत किंवा खाचेत असेल आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर तो तसाच ठेवा. खिळ्यासकट एक्स-रे निघाला तर टोक कुठं आहे ते सरळ दिसतं. काढल्यावर ते कुणालाच सांगता येत नाही. टेकल्यावर खिळा आणखी आत जाऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे जाड तुकडे ठेवून पट्टीनं बांधा. डॉक्टर लांब असतील, घोडी पाय आपटत असेल आणि काढावाच लागला, तर फोनवर विचारून काढा. पण आधी खिळा तळाला जिथं भिडलाय तिथं त्याच्यावर मार्करनं रेघ मारा, काढताना तो ज्या रेषेत आत गेला त्याच रेषेत सरळ बाहेर ओढा, आणि भोकाभोवती लगेच गोल करा. नेलपॉलिशनं केला तरी चालतो, घरात असतंच. खिळा पिशवीत घालून जपून ठेवा. फेकू नका. मी नंतर त्या नालीत हात घालून शोधला, मिळाला नाही.

पुढचं काम डॉक्टर आणि नालबंद चाचांनी मिळून केलं. चाचांनी नाल काढली, चिमट्यानं खुराची कड इंच-इंच दाबत नेली. बाहेरच्या बाजूला टाचेच्या कोपऱ्याजवळ मैनानं पाय हिसकला. डॉक्टरांनी वाकड्या सुरीनं तिथला तळ थोडासा खरवडला, एक काळी रेघ दिसली, आणि त्या रेघेमागे गेल्यावर राखाडी, घाण वासाचं पाणी सुटलं. भोक मोठं केलं नाही, निचरा होण्यापुरतंच ठेवलं. खड्डा जास्त कोरला तर आतलं मांस बाहेर डोकावतं आणि नवं दुखणं होतं. ही सुरी तुम्ही-आम्ही चालवायची नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 चं कलम 30 आपल्यासारख्या पदविकावाल्यांना किरकोळ सेवा देऊ देतं, तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. हे कलम मला परीक्षेत तोंडपाठ होतं.

पाणी सुटल्यावर तासाभरात मैनानं खूर जमिनीला टेकवला. नवख्यांनो, हे नीट लक्षात घ्या: तळाचा साधा पू वेळेवर निघाला तर घोडी एक-दोन दिवसांत ओळखू येणार नाही इतकी सुधारते. तीन पायांवरची घोडी पाहून हातपाय गाळू नका. पण निचरा होऊनही दोन दिवसांत फरक पडला नाही, तर थांबू नका. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर संस्था, जे जवळ असेल तिथं गाडी करून न्या. गाडीचं भाडं घोडीच्या किमतीपेक्षा कमीच असतं.

नंतरची पट्टी तुमच्याच हातात असते. आम्ही रोज दोन वेळा कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून खूर पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवला, दोन-तीन दिवस. त्याहून जास्त दिवस भिजवला तर खूर ओल्या पुठ्ठ्यासारखा मऊ पडतो. मग कोरडा करून आयोडीनचा कापूस, वर लहान मुलांचं डायपर, त्यावर चिकटपट्टी आणि बाहेरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा. डायपर मला चाचांनी शिकवलं. मेडिकलमध्ये मिळतं आणि खुरावर नेमकं बसतं. पट्टी केसांच्या कडेवर आवळायची नाही, रक्त तिथूनच खाली येतं. जागा कोरडी हवी. उन्हाळा होता म्हणून निभावलं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पट्टीच्या आत शिरतो, तेव्हा गोठ्यात मुरूम टाकून वर कोरडं कुटार पसरल्याशिवाय काही खरं नाही.

आता धनुर्वात. गायी-म्हशींच्या सवयीनं आपण इथं हमखास चुकतो. गायबैलांना धनुर्वात तसा कमी होतो. घोडा मात्र सगळ्या पाळीव जनावरांत त्याला सगळ्यात लवकर बळी पडतो. खुरातलं मिटलेलं भोक, आत हवा नाही, बाहेर लीद आणि माती, या जंतूला याहून सोयीची जागा नाही. त्या रात्री मी काकांना लसीचं विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं, मैनाला आयुष्यात लसच टोचलेली नव्हती. त्यांनी त्याच दिवशी प्रतिविष (धनुर्वाताचं विष लगेच निकामी करणारं इंजेक्शन) आणि लस, दोन्ही वेगवेगळ्या जागी टोचली. चार दिवस उशिरा.

लक्षणं बहुधा एक ते तीन आठवड्यांत दिसतात. ते तीन आठवडे मी रोज संध्याकाळी काकांच्या गोठ्यावर जायचो. मैनाच्या तोंडासमोर कडब्याची पेंढी धरायची आणि जबडा मोकळा हलतोय का ते बघायचं. हनुवटीखाली हळूच थोपटायचं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा डोळ्यावर झेपावतोय का ते बघायचं. कान ताठ, शेपटी उचललेली, चारही पाय लाकडी घोड्यासारखे फाकलेले, यातलं काही दिसलं तर काय, या विचारानं मी रात्री उठून बसायचो. काही झालं नाही. पण तुमच्यावर ती वेळ येऊ नये. घोडी विकत घेतली की लसीचे पहिले दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी एक. सारंगखेड्याच्या बाजारातून लाखाची घोडी आणणारी माणसं या लसीला टाळतात, ते मला आजही कळत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग आला तरी चालेल. "लग्नापुरतं इंजेक्शन मारून द्या" असं म्हणणारा गिऱ्हाईक तुम्हाला भेटेल. नाही म्हणा. दुखणं झाकून पाठीवर नवरदेव बसवला तर घोडी दुखऱ्या खुरावर पूर्ण वजन टाकते. आणि ज्याच्याकडे डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची बाटली आहे त्याच्यासोबत काम शिकू नका. ते टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून ते जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, आणि जो ते वापरतो तो इतरही नियम पाळत नसेल. जळकं ऑइल, डिझेल, मोरचुदाची पूड जखमेत भरणारे व्हिडिओ मोबाईलवर ढिगानं आहेत. त्यातलं एकही जखमेत घालू नका. कापशीच्या पऱ्हाटीचा खुंट किंवा बाभळीचा काटा रुतला तरी नियम हेच, फक्त काट्याचं टोक आत मोडून राहतं, म्हणून तो काढल्यावर अख्खा आला का ते बघा.

गुरू निवडताना माणूस खूर स्वतः उचलतो का, ते बघा. मला ज्यांनी शिकवलं त्यात एक चाचा आहेत, सहावी शिकलेले. ते रोज सकाळी घोडीचा तळ आकड्यानं साफ करताना नाकाजवळ नेतात. पुतळीच्या खाचेत सडल्याचा वास आला की पाय लंगडायच्या आधीच त्यांना कळतं. ही सवय मला दोन वर्षांच्या वर्गात लागली नव्हती. तुमच्या गावच्या नालबंदासोबत एक महिना फुकट फिरा. ऊन लागेल, लाथ लागेल, पण फिरा.

मैना वीस-बावीस दिवसांनी नीट चालायला लागली, पण पुवानं वरच्या कडेला एक आडवा चिरा पाडलाच होता. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, तसा तो चिरा खाली उतरत गेला. दर महिन्याला चाचा नाल बदलायला आले की मी पट्टीनं मोजून वहीत लिहायचो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो जमिनीपाशी पोचला. चाचांनी कानस फिरवली, चिऱ्याचा शेवटचा तुकडा खाली पडला, तो मी उचलून पाहिला. मग त्यांनी मैनाला नवी नाल ठोकली, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीला काकांनी तिला पुन्हा वरातीला नेलं. त्या रात्री मांडवाबाहेर मी आणि बँडवाल्यांचा एक पोरगा, आम्ही दोघांनी लोहचुंबक बांधलेली काठी फिरवून रस्ता आधी झाडून घेतला. सतरा खिळे निघाले.